तोफेच्या गोळ्याचा वेग

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, दक्षिणेस कडलूर शहरालगत समुद्रकिनाऱ्यावर सेंट डेव्हिड नांवाच्या एका किल्ल्याचे भग्न अवशेष आहेत. इ. स. १६९० मध्यें हें ठाणें मराठ्यांच्या ताब्यांत होतें. छत्रपति राजाराम महाराज महाराष्ट्र सोडून जिंजीस येऊन राहिले होते. मोंगलांशीं चाललेल्या युद्धाकरितां त्यांस द्रव्याची निकड होती, आणि इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीस त्या किनाऱ्यावर मद्रासखेरीज आणखी एक बळकट जागा हवी होती. सौदा जुळला. परंतु किल्ल्याबरोबर भोंवतालची जमीन किती द्यावयाची, हें ठरविण्यासाठीं साखळी किंवा काठी वापरण्यांत आली नाहीं. किल्ल्यावरून तोफ डागावी आणि गोळा जेथें पडेल तेथवरची भूमि कंपनीची समजावी, असा करार झाला. त्या वर्षाच्या सप्टेंबर महिन्यांत निरनिराळ्या दिशांस तोफ डागली गेली. तिच्या टप्प्यांत आलेलीं खेडीं खरेदींत गेलीं, आणि पुढें तीं ‘गोळ्याचीं गांवें’ या नांवानेंच ओळखलीं जाऊं लागलीं.

गोळा किती दूर गेला, हें त्या दिवशीं कोणासहि चालत जाऊन पाहतां येण्याजोगें होतें. परंतु तोच गोळा तोफेच्या तोंडांतून बाहेर पडला त्या क्षणीं त्याचा वेग काय होता, असा प्रश्न जर कोणी विचारला असता, तर त्याचें उत्तर त्या किल्ल्यावरील गोलंदाजासच काय, पण लंडन, पॅरिस किंवा फ्लॉरेन्स येथील मोठमोठ्या पंडितांसहि देतां आलें नसतें. हें उत्तर जगास मिळण्यास आणखी बावन्न वर्षें लागलीं. आणि योगायोग असा कीं, तें देणारा बेंजामिन रॉबिन्स नांवाचा गणिती पुढें त्याच सेंट डेव्हिडच्या किल्ल्यांत मरण पावला.

हा प्रश्न इतका अवघड कां होता, हें प्रथम पाहिलें पाहिजे. घोडा किती वेगानें धांवतो हें काढावयाचें असल्यास अंतर मोजावें, लागलेला वेळ मोजावा आणि अंतरास वेळानें भागावें. यापलीकडे त्यांत कांहीं नाहीं. गोळीच्या बाबतींत अंतर मोजणें सोपें आहे. अडचण आहे ती वेळाची. बंदुकीच्या गोळीस शंभर फुटांचें अंतर काटण्यास सेकंदाचा सोळावा हिस्सासुद्धां पुरतो. बाराचा आवाज कानीं पडतो न पडतो तोंच गोळी निशाणांत रुतलेली असते. सतराव्या शतकांतील घड्याळें सेकंद दाखवूं लागलीं होतीं. सेकंदाचे तुकडे करून त्यांतील एकेक तुकडा अचूक मोजून देणारें यंत्र कोणाजवळहि नव्हतें. डोळ्यांस गोळी दिसत नाहीं, आणि घड्याळास ती सांपडत नाहीं.

अर्थात् विद्वानांनीं दुसरी वाट धरली. वेग प्रत्यक्ष मोजतां येत नसेल, तर तो तर्कानें काढावा. या वाटेचा आरंभ इटलींत झाला. निकोलो तार्ताल्या या गणित्यानें १५३७ सालीं तोफेच्या गोळ्याच्या गतीवर ग्रंथ लिहिला. परंतु त्या गतीचा खरा नियम सांगितला तो गॅलिलिओनें, १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या दोन नव्या शास्त्रांवरील ग्रंथांत. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. फेंकलेल्या वस्तूची गति एकच दिसत असली, तरी ती वस्तुतः दोन गतींची मिळून झालेली असते. एक गति आडवी. ती आरंभीं जितकी असेल तितकीच शेवटपर्यंत राहते, कारण आडव्या दिशेनें वस्तूस ओढणारें कोणी नाहीं. दुसरी गति उभी. तिच्यांत पृथ्वीच्या आकर्षणामुळें दर सेकंदास सुमारें ३२ फुटांचा फरक पडत जातो. वर जातांना ती तितकी घटते, खालीं येतांना तितकी वाढते. या दोन गतींच्या मिश्रणानें वस्तूचा मार्ग जो वक्र आकार घेतो, त्यास गणितांत अन्वस्त म्हणतात.

हा नियम एकदां हातीं आल्यावर सगळें गणित सोपें होतें. उड्डाणाच्या कोणत्याहि क्षणीं वस्तूचा वेग काढावयाचा असल्यास आडवा वेग जसाच्या तसा घ्यावा, उभा वेग गेलेल्या सेकंदांच्या हिशेबानें काढावा, दोहोंचे वर्ग करून मिळवावे आणि त्या बेरजेचें वर्गमूळ घ्यावें. तसेंच, तोफेचें तोंड ४५ अंशांनीं वर उचलून बार काढला, तर वेगाच्या वर्गास ३२ नें भागून जें येईल तितके फूट गोळा जाईल. उलट, गोळा ३२०० फुटांवर पडला असें दिसलें, तर त्या अंतरास ३२ नें गुणून वर्गमूळ काढावें, म्हणजे सुटतांना त्याचा वेग सेकंदास ३२० फूट होता, हें घरबसल्या समजतें. याच गणितानें असेंहि निघतें कीं, सपाट भूमीवर गोळा ज्या वेगानें सुटतो त्याच वेगानें तो येऊन आदळतो. गणित निर्दोष होतें, त्याची मांडणी सुंदर होती, आणि तोफखान्याच्या अधिकाऱ्यांच्या हातीं देण्याजोगीं कोष्टकेंहि त्यावरून तयार झालीं.

खुद्द गॅलिलिओस आपल्या नियमाची मर्यादा ठाऊक होती. हवेचा विरोध जमेस धरलेला नाहीं, हें त्यानें स्पष्ट सांगितलें होतें. दारूच्या जोरानें सुटणाऱ्या गोळ्यांचा वेग असामान्य असल्यामुळें त्यांचा मार्ग हवेच्या विरोधानें कांहींसा बिघडणार, हेंहि त्यानें मान्य केलें होतें, आणि आपलीं कोष्टकें मुख्यतः थोडी दारू घालून उडविलेल्या उखळी तोफांना लागू पडतील असें म्हटलें होतें. परंतु गुरूनें घातलेली मर्यादा शिष्यपरंपरेंत पुसट होत जाते. गॅलिलिओचा अनुयायी तोरिचेल्ली यानें १६४४ सालीं हें गणित आणखी वाढविलें. १६४७ सालीं जिनोआच्या रेनिएरी नांवाच्या गृहस्थानें प्रत्यक्ष तोफा उडवून पाहिल्या, तों गोळे कोष्टकांप्रमाणें पडेनात. त्यानें तोरिचेल्लीस तसें पत्रानें कळविलें. तोरिचेल्लीच्या उत्तराचा आशय असा होता कीं, आपला ग्रंथ तत्त्वज्ञांकरितां आहे, गोलंदाजांकरितां नाहीं. चाळीस वर्षांनंतरहि फारसा फरक पडला नव्हता. धूमकेतूमुळें ज्याचें नांव घरोघर माहीत आहे त्या एडमंड हॅलीनेंहि १६८६ सालीं असें लिहिलें कीं, धातूच्या जड गोळ्यांवर हवेचा परिणाम जेमतेम जाणवण्याइतका असतो. दिसावयास हें बरोबरच दिसतें. हवा ती केवढी, आणि लोखंडाचा गोळा तो केवढा!

न्यूटनची गोष्ट निराळी. १६८७ च्या आपल्या महान् ग्रंथांत त्यानें असें दाखविलें कीं, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट तर विरोध चौपट, वेग तिप्पट तर विरोध नऊपट. तेव्हां गोळ्याचा वेग फार मोठा असेल तर विरोधहि प्रचंड असला पाहिजे. पण वेग मोठा आहे कीं लहान, हें सांगणार कोण? येथें सगळें शास्त्र एका चक्रांत सांपडलें. वेग काढावयाचा तो पल्ल्यावरून. पल्ल्यावरून काढावयाचा तर हवेचा विरोध ठाऊक पाहिजे. आणि विरोध काढावयाचा तर आधीं वेग ठाऊक पाहिजे. हें चक्र तोडण्यास एकच उपाय होता. पल्ल्याचें नांवहि न घेतां, तोफेच्या तोंडाशींच, वेग प्रत्यक्ष मोजला पाहिजे होता.

बेंजामिन रॉबिन्स याचा जन्म इंग्लंडांतील बाथ या गांवीं १७०७ सालीं झाला. घरची स्थिति साधारण. आईबाप क्वेकर पंथाचे. हा पंथ युद्धास अधर्म मानणारा आणि शस्त्र हातीं न धरणारा. अशा घरांत वाढलेल्या मुलाच्या हातून तोफविद्येचें नवें शास्त्र निर्माण व्हावें, हा दैवाचा विचित्र खेळच म्हटला पाहिजे. गणितांतील त्याची गति पाहून त्यास लंडनला पाठविण्यांत आलें, आणि अवघ्या विसाव्या वर्षीं, १७२७ सालीं, रॉयल सोसायटीनें त्यास सभासद करून घेतलें. शिकवण्या करावयाच्या, बांधकामाच्या कामांत सल्ला द्यावयाचा आणि पंडितांशीं वाद घालावयाचे, असा त्याचा क्रम होता. १७३९ सालीं तर त्यानें युरोपांतील अग्रगण्य गणिती ऑयलर याच्या गतिशास्त्रावरील ग्रंथाचेंच कठोर परीक्षण प्रसिद्ध केलें. १७४१ सालीं वुलिच येथें लष्करी विद्यालय निघालें तेव्हां तेथील अध्यापकाची जागा आपणास मिळेल, अशी त्यास आशा होती. ती जागा दुसऱ्यास मिळाली. निराश होऊन स्वस्थ बसण्याऐवजीं रॉबिन्सनें तेथें शिकविण्यासाठीं योजलेल्या विषयावर १७४२ सालीं ‘तोफविद्येचीं नवीं तत्त्वें’ या अर्थाच्या नांवाचें एक लहानसें पुस्तक छापून टाकलें. गोळीचा वेग मोजण्याची रीत जगानें प्रथम वाचली ती या पुस्तकांत.

ती रीत समजण्यास गणित लागत नाहीं. नदीच्या कांठाशीं एक होडी स्थिर उभी आहे, आणि कांठावरून एक मुलगा धांवत येऊन तिच्यांत उडी टाकतो, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. मुलगा होडींत पडतांच होडी त्याला घेऊन संथपणें पुढें सरकूं लागते. मुलाचा वेग नाहींसा झाला काय? नाहीं, तो होडींत आणि मुलांत वांटला गेला. होडी जितकी जड तितकी तिची हालचाल मंद. मुलगा व होडी यांचीं वजनें ठाऊक असलीं आणि होडीची मंद चाल नजरेनें मोजतां आली, तर मुलगा किती जोरानें आला होता, हें त्रैराशिकानें सांगतां येतें. दोन वस्तूंच्या टकरीचे हे नियम वॉलिस, रेन आणि हॉयगेन्स या तिघांनीं १६६८ व १६६९ या सालांत रॉयल सोसायटीपुढें मांडले होते. लंबकाच्या हेलकाव्यांचें संपूर्ण गणितहि हॉयगेन्सनें १६७३ सालीं आपल्या घड्याळांवरील ग्रंथांत दिलें होतें. दोन्ही गोष्टी दोन पिढ्यांपासून ग्रंथांत पडून होत्या. रॉबिन्सनें त्या एकत्र आणल्या आणि त्यांपुढें बंदूक रोखली.

त्यानें तीन पायांची एक भक्कम घोडी उभी केली. तिच्या माथ्याशीं आडव्या आंसावर एक जड लोखंडी लंबक टांगला आणि त्याच्या खालच्या भागास एक जाड लांकडी फळी पक्की बसविली. लंबकाचें एकंदर वजन ५६ रत्तल ३ औंस होतें. फळीवर गोळी झाडली कीं ती लांकडांत रुतून बसे आणि लंबक तिच्यासह मागें झोंका घेई. झोंका किती मोठा, हें मोजण्याची त्याची युक्ति तर फारच साधी होती. लंबकाच्या तळाशीं एक अरुंद फीत अडकवून तिचें दुसरें टोंक दोन पोलादी कडांच्या चिमट्यांतून सैलसर ओंवलेलें असे. लंबक मागें गेला कीं तो फीत ओढून घेई. परत आला तरी ओढलेली फीत तशीच राही. ओढली गेलेली फीत इंचपट्टीनें मोजली, कीं झोंक्याची लांबी हातीं आली.

रॉबिन्सनें आपल्या पुस्तकांत एका बाराचा हिशेब नमुन्यादाखल मांडला आहे. गोळी शिशाची, वजनानें रत्तलाच्या बाराव्या हिश्श्याइतकी. बार झाला आणि फीत सव्वासतरा इंच ओढली गेली. लंबकाचे २०० लहान हेलकावे २५३ सेकंदांत होतात, हें त्यानें आधींच मोजून ठेवलें होतें. या आंकड्यांवरून असें निघालें कीं, गोळी लागतांच फळी सेकंदास सुमारें सव्वातीन फूट वेगानें चालूं लागली. गोळीचा आणि लंबकाचा भार, तसेंच लंबकाच्या निरनिराळ्या भागांचें आंसापासूनचें अंतर, हें सर्व जमेस धरतां गोळीचा वेग या आघातांत पांचशेंपाचाव्या हिश्श्यावर आला होता. सव्वातीनास ५०५ नें गुणलें, आणि उत्तर आलें: सेकंदास १६४१ फूट. ज्या वेगास डोळा किंवा घड्याळ पोंचूं शकलें नव्हतें, तो एका फितीनें पकडला. सव्वातीन फूट वेगानें हलणारी फळी कोणासहि दिसते. तान्ह्या मुलाच्या पाळण्यासहि कधीं कधीं तितका वेग असतो.

परंतु वेग मोजणें हा केवळ आरंभ होता. आतां तीच बंदूक, तितकीच दारू आणि तशीच गोळी घेऊन लंबक निरनिराळ्या अंतरांवर ठेवतां येत होता. लंबक २५ फुटांवर असतां गोळीचा वेग १६७० फूट भरला. ७५ फुटांवर तो १५५० झाला, आणि १२५ फुटांवर १४२५. म्हणजे दर पन्नास फुटांत गोळी सेकंदामागें सुमारें सव्वाशें फुटांचा वेग गमावीत होती. एवढा वेग कोण हिरावून घेतो? दुसरें कोणीच नाहीं, फक्त हवा. रॉबिन्सनें हिशेब केला आणि असें आढळलें कीं, पाऊण इंच व्यासाच्या त्या इवल्याशा गोळीवर हवेचा विरोध सुमारें दहा रत्तल वजनाइतका, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाच्या १२० पट होता. पृथ्वी तिला जितक्या जोरानें खालीं ओढते, त्याच्या १२० पट जोरानें हवा तिला मागें ढकलते. आणि याच हवेस पंडितांनीं शंभर वर्षें हिशेबांतून वगळलें होतें.

जुन्या रीतीची चूक किती मोठी होती, हें एका उदाहरणावरून कळेल. सेकंदास १७०० फूट वेगानें ४५ अंशांत सुटलेली गोळी गॅलिलिओच्या गणिताप्रमाणें सतरा मैल गेली पाहिजे. प्रत्यक्षांत ती अर्धा मैलसुद्धां जात नाहीं. उलट बाजूनें पाहिलें, तर अर्ध्या मैलाच्या पल्ल्यावरून जुन्या रीतीनें वेग काढूं गेल्यास तो सेकंदास जेमतेम २९० फूट निघतो. खरा वेग त्याच्या जवळजवळ सहापट असतो. सुटल्याच वेगानें गोळा जमिनीवर आदळतो, हा नियमहि येथें खोटा ठरतो. गॅलिलिओचें गणित चुकलें नव्हतें. हातानें फेंकलेल्या दगडास तें आजहि पुष्कळ अंशीं लागू पडतें. चूक झाली होती ती हवेचा विरोध क्षुल्लक आहे, हें मोजून न पाहतां गृहीत धरण्यांत. जिनोआच्या रेनिएरीनें तक्रार केली तेव्हां त्याचे गोळे खोटें बोलत नव्हते.

रॉबिन्सनें आणखीहि एक गोष्ट टिपली. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदास सुमारें ११०० फुटांच्या, आसपास आला कीं विरोध न्यूटनच्या नियमानें वाढत नाहीं. तो एकाएकीं सुमारें तिपटीवर जातो. याचें कारण त्या काळीं कोणास उलगडणें शक्य नव्हतें. १८८७ सालीं एर्न्स्ट माख आणि पेटर झाल्खर यांनीं उडत्या गोळीचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं, तेव्हां ध्वनीहून वेगानें जाणाऱ्या गोळीपुढें हवेची एक तीक्ष्ण लाट उठलेली दिसली. गोळीस अडविणारें तें अदृश्य बळ अखेर डोळ्यांस दिसलें. विमानास ध्वनीचा वेग ओलांडण्यास १९४७ साल उजाडावें लागलें. त्या वाटेवर कांहीं तरी अडसर आहे याची पहिली खूण दोनशें वर्षांपूर्वीं लांकडांत रुतलेल्या शिशाच्या गोळ्यांनीं दिली होती.

गुणाची पारख शत्रूकडून व्हावी, असा प्रसंगहि रॉबिन्सच्या वांट्यास आला. ज्या ऑयलरच्या ग्रंथावर त्यानें टीका केली होती, त्याच ऑयलरनें प्रशियाच्या फ्रेडरिक राजासाठीं रॉबिन्सच्या पुस्तकाचें जर्मन भाषांतर केलें. १७४५ सालीं तें बर्लिन येथें प्रसिद्ध झालें तेव्हां मूळ पुस्तकाहून ऑयलरची टीकाच कितीतरी मोठी झाली होती. मतभेदाच्या जागीं त्यानें मतभेद दाखविले, परंतु लंबकाचे प्रयोग मान्य केले. एका मुद्द्यावर मात्र तोहि चुकला. स्वतःभोंवतीं फिरणारी गोळी हवेच्या दाबामुळें एका बाजूस वळते, असें रॉबिन्सचें म्हणणें होतें. नळी किंचित् वांकविलेल्या बंदुकीनें त्यानें तें दाखवूनहि दिलें. ऑयलरनें त्याचा दोष गोळीच्या वेड्यावांकड्या घडणीकडे दिला. पुढें १८५२ सालीं माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञानें हीच गोष्ट पुन्हां सिद्ध केली आणि तिला त्याचेंच नांव पडलें. १७४६ सालीं रॉयल सोसायटीनें रॉबिन्सला आपलें कोप्ले पदक दिलें. दुसऱ्या वर्षीं त्यानें आट्यांच्या नळीच्या बंदुकीवर निबंध वाचून असें भाकित केलें कीं, जें राष्ट्र या बंदुका प्रथम पूर्णपणें अंगीकारील तें इतर सैन्यांवर वरचढ ठरेल. एकोणिसाव्या शतकांतील युद्धांनीं तें खरें करून दाखविलें.

लंबकाची रीत शंभराहून अधिक वर्षें चालली. १७७५ पासून वुलिच येथें चार्ल्स हटन यानें ती बंदुकीवरून तोफेवर नेली, लंबकाचें वजन शेंकडों रत्तलांवर चढविलें आणि १७७८ सालीं त्याबद्दल कोप्ले पदक मिळविलें. पुढें वीज हातीं आल्यावर मात्र वेळ मोजण्याची मूळची अडचणच दूर झाली. गोळ्याच्या वाटेंत तारांचे दोन पडदे ठराविक अंतरावर उभे करावयाचे. पहिली तार तुटली कीं एक विद्युत्प्रवाह बंद, दुसरी तुटली कीं दुसरा बंद. १८६० नंतरच्या दशकांत ल बुलांझे या बेल्जियन अधिकाऱ्यानें केलेल्या यंत्रांत पहिली तार तुटतांच एक लांब दांडी खालीं पडूं लागे, आणि दुसरी तार तुटतांच सुटणाऱ्या सुऱ्याची खूण तिच्यावर उमटे. दांडी किती पडली यावरून वेळ कळे. म्हणजे सेकंदाचा सूक्ष्म अंश मोजावयास अखेर गॅलिलिओचा पतनाचा नियमच उपयोगी पडला. आज हें काम रेडिओलहरी करितात. क्रिकेटच्या सामन्यांत गोलंदाजानें टाकलेल्या चेंडूचा वेग क्षणार्धांत पडद्यावर झळकतो, तो चेंडूवर आपटून परतलेल्या लहरींच्या कंपनसंख्येंत पडलेल्या फरकावरून काढलेला असतो.

रॉबिन्सला मात्र आपल्या विद्येचा पुढील विस्तार पाहतां आला नाहीं. १७४६ सालीं फ्रेंचांनीं मद्रास घेतलें आणि कंपनीचे किल्ले किती दुबळे आहेत हें उघडकीस आलें. तहानें मद्रास परत मिळाल्यावर कंपनीनें तटबंदीच्या कामासाठीं रॉबिन्सला मुख्य अभियंता नेमलें, आणि १७५० सालीं तो कोरोमांडल किनाऱ्यावर सेंट डेव्हिडच्या किल्ल्यांत उतरला. तोफेचा मारा किती दूर जातो व किती जोरानें आदळतो, हें जगांतील कोणाहि माणसाहून अधिक जाणणारा मनुष्य आतां त्या माऱ्यापासून भिंती कशा वांचवाव्या याचे आराखडे काढूं लागला. हवा त्यास मानवली नाहीं. ताप येऊं लागला, उतरला, पुन्हां आला. आणि २९ जुलै १७५१ रोजीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, तो त्याच किल्ल्यांत वारला. शेवटच्या क्षणींहि त्याच्या हातांत लेखणी होती, असें सांगतात. त्याचे गणितविषयक लेख त्याच्या मित्रानें १७६१ सालीं दोन भागांत छापून काढले.

किल्लाहि फार दिवस टिकला नाहीं. १७५८ सालीं लालीच्या फ्रेंच फौजेनें तो घेतला आणि त्याची तटबंदी जमीनदोस्त केली. ज्याच्या भिंतींचे नकाशे काढतां काढतां रॉबिन्सनें प्राण सोडला, तो सात वर्षांत तोफांपुढें पडला. १६९० च्या सप्टेंबरांत त्याच्या तटावरून सुटलेल्या गोळ्यांच्या टप्प्यानें मात्र भोंवतालच्या खेड्यांना दिलेलें नांव किल्ल्यामागेंहि राहिलें.